नाजूक पडदे घरच्या घरी कसे धुवावेत आणि वाळवावेत

खिडकीवरचा पडदा वर्षभर ऊन खात असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी धागा हळूहळू कमकुवत होतो. रेशमाचा सगळ्यात लवकर, पण सुती आणि नायलॉनचे धागेही त्यातून सुटत नाहीत. कोरडं असताना कापड धडधाकट दिसतं. पाण्यात भिजून जड झालं, उचलताना ओढ बसली, की नेमकं तिथेच फाटतं आणि बोल लागतो साबणाला. म्हणून पाण्याला हात लावण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे.

आधी पडदा तपासा

पडदा उजेडासमोर धरा आणि जिथे सर्वांत जास्त ऊन लागतं ती बाजू दोन बोटांत धरून अगदी हलकेच ताणा. धागे सरकले, बारीक भोकं दिसली किंवा कापड कागदासारखं कडक लागलं, तर ते विरलं आहे. असा पडदा घरी धुऊ नये.

मग शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी वाचा. टबाच्या चित्रावर फुली म्हणजे पाण्यात घालायचा नाही. टबात हात म्हणजे हाताने धुवायचा. टबात 30 लिहिलं असेल तर पाणी 30 अंशांपर्यंतच. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच वर्ज्य. पट्टीच नसेल तर आतल्या दुमडीचा कोपरा ओला करून त्यावर पांढरं फडकं दाबा. फडक्याला रंग लागला तर बेत रद्द. रेशमी पडदा, मखमल, जरीकाम किंवा अस्तर लावलेला जड पडदा असेल तरी माझं मत हेच: जाणकाराकडे द्या. पडदा आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, मग खालची कड कायमची गोळा होऊन बसते.

काढणं आणि झटकणं

सगळे हूक, सुट्या कड्या, पिना काढा. लोखंडी हूक चुकून राहिला तर गंजाचा डाग पडतोच, शिवाय जाळीत अडकून धागा ओढला जातो. वरच्या पट्टीत चुण्यांसाठी दोऱ्या असतील तर त्या सैल करून पडदा सपाट करा, पण टोकं गाठ मारून ठेवा. दोरी आत गेली की परत ओवणं महाकठीण. लांबी मोजून लिहून ठेवा. आणि जोडीतले दोन्ही पडदे एकाच वेळी धुवा, नाहीतर एक उजळ आणि एक मळका असे शेजारी शेजारी लटकत राहतात.

आता धूळ. पडदा बाहेर नेऊन हळू झटका किंवा व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर ठेवून मऊ ब्रशने फिरवा. ही पायरी गाळली तर धुळीचा पाण्यात चिखल होतो आणि तोच कापडात मुरतो.

धुणं

मोठ्या टबात आधी नुसतं गार पाणी घ्या आणि पडदा सैल घडी करून त्यात बुडवा. पाणी चहासारखं तपकिरी झालं तर घाबरू नका, तीच वर्षभराची धूळ. ते ओतून द्या. दुसऱ्या पाण्यात नाजूक कपड्यांचा द्रव साबण आधी पूर्ण विरघळवा, मगच पडदा घाला. पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. नंतर तळव्यांनी वरून दाबायचं आणि सोडायचं, बस. चोळणं, ब्रश मारणं, आपटणं यातलं काहीही नाही.

पाणी गरम नको, याला कारण आहे. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ पडतं आणि त्या अवस्थेत पडलेली घडी गार होताना पक्की बसते. मग इस्त्रीनेही ती नीट जात नाही. पांढरा पडदा पिवळा पडला म्हणून क्लोरीनचं ब्लीच ओतायचा मोह होतो. रेशमाला ते खातं आणि नायलॉनला उलट पिवळं करतं. पांढऱ्या सुती किंवा पॉलिएस्टरला, पट्टीवर मनाई नसेल तर, ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं) चालतं.

फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत खळबळा. साबण राहिला तर पडदा कडक होतो आणि धूळ लवकर धरतो.

मशीन वापरायचंच असेल तर पडदा जाळीच्या पिशवीत किंवा तोंड बांधलेल्या उशीच्या अभ्र्यात घाला. ड्रम अर्धाच भरा, नाजूक कपड्यांचा कार्यक्रम लावा आणि फिरकी सर्वांत कमी वेगावर ठेवा.

पाणी काढणं आणि वाळवणं

पिळायचं नाही. टबातलं पाणी सोडून द्या, पडदा तिथेच दाबून निथळू द्या आणि उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या. एका टोकाला धरून वर ओढला की सगळं वजन त्या टोकावर येतं. व्हिस्कोस (रेयॉन) तर ओलं असताना जवळपास निम्मी ताकद गमावतं. नंतर मोठ्या कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची मिळून गुंडाळी करा, दाबा, उलगडा.

पॉलिएस्टरचे झिरझिरीत पडदे असे दमट असतानाच दांडीवर परत लावावेत. स्वतःच्या वजनाने सुरकुत्या बऱ्याचशा निघतात आणि इस्त्री वाचते. त्याआधी दांडी आणि खिडकीची चौकट पुसून कोरडी करा, नाहीतर ओल्या कडेवर काळी रेघ उठते. खिडकी उघडी ठेवा. लिनन, व्हिस्कोस, हाताने विणलेली लेस मात्र ओली लटकवू नका, खाली ओघळून लांबते. ती सावलीत सपाट पसरून, कडा हाताने सरळ करून वाळवा. लिनन थोडं दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा. पूर्ण वाळलं की हट्टाला पेटतं. पॉलिएस्टरला इस्त्री लागलीच तर एका ठिपक्याच्या खुणेवर, म्हणजे सर्वांत कमी उष्णतेवर, वर पातळ सुती फडकं ठेवून. लेसवर इस्त्री घासू नका, उचलून उचलून टेकवा, कारण टोक जाळीत शिरलं की तिचा धागा तुटतो.