सानी घाटात मागचा ब्रेक गेला तेव्हा

लेसोथोतून दक्षिण आफ्रिकेत उतरताना सानी पास लागतो. माथा सुमारे 2,876 मीटरवर. तिथून थोड्याच किलोमीटरमध्ये झपाट्याने खाली यायचं. तेही सुट्या खडीवरून, एकामागून एक हेअरपिन वळणं घेत. समोर ड्राकेन्सबर्ग डोंगररांगेचे कडे असे उभे की नजर हटत नाही.

भाड्याची बाईक, मागे सामान. खडीवर पुढचा ब्रेक दाबायची भीती, म्हणून मागच्यावरच पाय ठेवून उतरत होतो. चौथ्या-पाचव्या वळणावर पेडल एकदम पोकळ झालं, थेट तळाला गेलं. पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबत, पहिल्या गियरमध्ये डोंगराच्या कडेला गाडी थांबवली.

सतत ब्रेक दाबून तापल्यामुळे ब्रेक ऑइल उकळलं होतं. ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, पण ओलावा शिरला की ही मर्यादा 155 च्या आसपास येते. मग वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसती वाफच दाबतं.

ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, पाणी ओतलं नाही. तापलेली डिस्क एकदम गार झाली तर वाकू शकते. अर्धा तास थांबलो. पेडल परत कडक झालं. पुढे इंजिननेच गाडी रोखावी म्हणून पहिला गियर सोडला नाही, क्लच दाबला नाही, ब्रेक फक्त वळणाआधी.

घाटाखालच्या अंडरबर्ग गावात नवं डॉट 4 घेऊन जुनं ऑइल बदललं. कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावायची, पेडल दाबून धरायचं, निपल सैल करायचा, घट्ट करायचा, मगच पेडल सोडायचं. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. जुनं ऑइल काळ्या चहासारखं निघालं. आता भाड्याची गाडी ताब्यात घेताना आधी तो रंग बघतो.