जाहीर चर्चा ठेवताय? मूळ कागद आधी छापून घ्या

गेल्या वेळी आमची चर्चा फसली ती एका शब्दावरून. विषय होता युक्रेनला मिळालेली सुरक्षेची वचनं. एक वक्ते ठासून म्हणाले, १९९४च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने युक्रेनला सुरक्षेची हमी दिली होती. शेजारच्या वक्त्या म्हणाल्या, हमी नव्हे, आश्वासन. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माझ्या फाइलमध्ये कात्रणं होती, टिपणं होती, मूळ मजकूर नव्हता. श्रोत्यांपैकी तिघांनी मोबाइल काढले आणि तीन ठिकाणचे तीन अनुवाद वाचून दाखवले. आवाज चढले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "मूळ कागद कुणाकडे आहे का?" कुणाकडेच नव्हता. नव्वद मिनिटांतली चाळीस तिथेच संपली.

तो मजकूर जेमतेम सहा मुद्द्यांचा आहे. इंग्रजी प्रतीत शब्द आश्वासनाचाच आहे. सीमांचा आदर करू, बळ वापरणार नाही, अण्वस्त्रांचा धोका उद्भवला तर सुरक्षा परिषदेकडे जाऊ, प्रश्न निर्माण झाला तर सल्लामसलत करू, असं त्यात लिहिलंय. सैन्य पाठवू असं कुठेही नाही. हे पाच मिनिटांत वाचून झालं असतं आणि खरी चर्चा तिथून पुढे सुरू झाली असती: वचन मोडणाऱ्याला जाब विचारायचा कुणी आणि कसा?

तेव्हा तयारीला लागताना पहिलं काम हेच. चर्चा ज्या ठरावाबद्दल, कराराबद्दल किंवा निकालाबद्दल आहे, त्याचा मूळ मजकूर मिळवा, छापा, प्रत्येक वक्त्याला चार दिवस आधी द्या आणि वीस-पंचवीस प्रती सभागृहात ठेवा. त्यावरची बातमी नको, कुणाचं विश्लेषण नको, मूळ मजकूर. कलमं मोठी असतील तर लागणारी कलमं पूर्ण छापा, अर्धी वाक्यं तोडून नको. मराठी अनुवाद सोबत द्या, पण शेजारी मूळ भाषेतलं वाक्य हवंच.

आता विषय. तो प्रश्नाच्या रूपात लिहा. "बदलती जागतिक समीकरणं" असा विषय ठेवलात तर प्रत्येक वक्ता आपलं तयार भाषण करून जाईल. त्याऐवजी "नाटोचं पाचवं कलम सदस्य देशाला युद्धात उतरायला भाग पाडतं का?" असं विचारा. बहुतेकांना वाटतं, एकावर हल्ला झाला की बाकीचे आपोआप रणांगणात. कलम वाचलं की दिसतं, हल्ला सगळ्यांवरचा मानला जाईल हे खरं, पण प्रत्येक देशाने "स्वतःला आवश्यक वाटेल ती" कृती करायची आहे, त्यात सशस्त्र बळही आलं. निर्णय त्या त्या देशाच्या हातात ठेवलेला आहे. १९४९पासून हे कलम एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर. एवढं हातात असलं की प्रश्नाला धार येते. आणि हे सगळं कुठून मिळालं? मूळ कागदावरून.

वक्ते तीनच बोलवा. चार झाले की वेळ पुरत नाही. दोन विरुद्ध पक्षांचे प्रवक्ते समोरासमोर बसवून समतोल साधला असं समजू नका. ते एकमेकांशी बोलतात, श्रोत्यांशी नाही. एक जण कायदा वाचलेला, एक जण त्या प्रदेशात राहिलेला किंवा तिथली भाषा येणारा, आणि शक्य असेल तर एक निवृत्त राजदूत. राजदूतांना ते त्या देशात नेमके कोणत्या वर्षी होते हे विचारून घ्या आणि ओळख करून देताना सांगा. पंधरा वर्षांपूर्वीचा अनुभव मोलाचा असतो, पण तो आजचा म्हणून खपता कामा नये. तिघांकडूनही मुख्य तीन विधानं आधी लेखी मागवा आणि प्रत्येक विधानाखाली ते कोणत्या कागदावर उभं आहे हे लिहायला सांगा. कुणाला याचा राग येईल. येऊ द्या.

मग संस्थांचं एक पान तयार करा. हे टाळू नका, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि त्यातही हेग शहरामुळे. आंतरराष्ट्रीय न्यायालय तिथेच, तिथे फक्त देश एकमेकांविरुद्ध उभे राहतात, न्यायाधीश १५. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही तिथेच, पण ते व्यक्तींवर खटले चालवतं, १९९८च्या रोम संविधीतून निर्माण झालं, २००२पासून अस्तित्वात आहे, आणि संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. २०१६ साली दक्षिण चिनी समुद्राबद्दल फिलिपिन्सच्या बाजूने निकाल आला तो या दोघांचाही नव्हता. तो सागरी कायद्याच्या कराराखाली नेमलेल्या लवादाचा होता आणि त्याचं कार्यालयीन काम हेगच्याच स्थायी लवाद न्यायालयाने पाहिलं. "हेगच्या कोर्टाने सांगितलं" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवून विचारा, कोणत्या? शिवाय न्यायालयाचा निकाल आहे की सल्लादायी मत आहे, हेही विचारा. दोन्हींचं वजन वेगळं आहे.

त्याच पानावर संयुक्त राष्ट्रांची आमसभा आणि सुरक्षा परिषद यांतला फरक दोन ओळींत लिहा. सनदेच्या २५व्या कलमाप्रमाणे परिषदेचे निर्णय पाळायला सदस्य देश बांधलेले आहेत. आमसभेचे ठराव सहसा शिफारशी असतात, मग बाजूने कितीही मतं पडोत. परिषदेच्या ठरावातही शब्द बघावे लागतात. १९९०च्या ६७८ क्रमांकाच्या ठरावाने इराकला कुवेतमधून हटवण्यासाठी "सर्व आवश्यक मार्ग" वापरायला परवानगी दिली. २००२च्या १४४१ क्रमांकाच्या ठरावात, म्हणजे पुढच्या इराक युद्धाआधी, "गंभीर परिणाम" एवढाच इशारा होता. तो पंधरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला आणि त्यातून युद्धाला मुभा मिळते का यावर वाद पेटला. दोन ठरावांच्या दोन ओळी शेजारी शेजारी छापून श्रोत्यांच्या हातात द्या. तासभर बोलून जे समजत नाही ते लोक स्वतः वाचून पकडतात. मी हे नंतर एका छोट्या बैठकीत करून पाहिलं. कागद हातात पडल्यावर आधी पाच मिनिटं शांतता होती आणि मग प्रश्न आले, ते थेट शब्दांवर बोट ठेवून.

शब्दांचंच आणखी एक. १९६०च्या सिंधू पाणीवाटप कराराबद्दल एप्रिल २०२५मध्ये भारताने तो "स्थगित" ठेवल्याचं जाहीर केलं. चर्चेत लोक सर्रास "रद्द केला" म्हणतात. करार चालू राहण्याबद्दल १२व्या कलमात काय लिहिलंय हे न वाचता या विषयावर माइक हातात घेऊ नका. पुन्हा सांगते, मूळ कागद.

नकाशा लागणारच. वादग्रस्त सीमा तुटक रेषेने दाखवलेला घ्या, कोणत्या वर्षीचा आहे ते खाली लिहा. तारखांची पट्टी एका पानात बसवा, दहा नोंदींच्या वर नको.

श्रोत्यांसाठी नियम थोडेच: प्रश्न एक मिनिटाचा, भाषण नाही, कोणत्याही समाजावर घसरायचं नाही. चर्चा ज्या युद्धाबद्दल आहे त्यात ज्यांचं घर किंवा नातलग आहेत असे लोक सभागृहात असू शकतात, हे वक्त्यांना आधी सांगा. आकडे बोलताना ते माणसांचे आहेत याचं भान सुटतं, आणि समोरच्याला ते आयुष्यभर लागतं.

आदल्या रात्री बातम्या बघा. सुरू होण्याआधी तासभर पुन्हा बघा. शस्त्रसंधी मोडलेली असते, मतदान पुढे गेलेलं असतं, मंत्री बदललेला असतो. बदल असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका.

माइक, खुर्च्या, पाणी, घड्याळ तुम्हाला माहीत आहे. रेकॉर्डिंग करणार असाल तर वक्त्यांची संमती घ्या.

निघताना पिशवी उघडून प्रती मोजा. मोबाइलमध्ये आहे, तिथे उघडू, असं म्हणू नका. गेल्या वेळी मीही हेच म्हणाले होते आणि माझ्या मोबाइलला तिथे नेटवर्क नव्हतं.

संपल्यावर दोन दिवसांत चुकलेल्या विधानांची दुरुस्ती सगळ्यांना कळवा, वक्त्याचं नाव न घेता. उरलेल्या प्रती परत गोळा करू नका, ज्यांना हव्यात त्यांना घेऊन जाऊ द्या.