रुळाच्या पोटातला तडा: अल्ट्रासाउंडच्या नोंदींवर मॉडेल कसं शिकवायचं

परभणी, पूर्णा, नांदेडच्या पट्ट्यात मे महिन्यात दुपारी रुळाला हात लावता येत नाही आणि डिसेंबरात पहाटे तोच रूळ आखडू बघतो. सलग जोडलेल्या रुळाला आखडायला जागा नसते. ताण वाढतो आणि आत दडलेला तडा थंडीत उलतो. तो त्याआधी सापडायला हवा. त्यासाठी रुळावरून प्रोब (अल्ट्रासाउंडची लहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणारे शोधक) फिरवतात, आणि त्या नोंदींच्या चित्रातून दोष ओळखायला संगणकाचं मॉडेल शिकवायचं आहे.

सराव भंगारात काढलेल्या रुळाच्या तुकड्यावर करा, तोही रीतसर परवानगीनं. चालू मार्गावर ब्लॉकशिवाय, म्हणजे गाड्या रीतसर थांबवल्याशिवाय, पाऊल टाकायचं नाही.

० अंशाचा प्रोब सरळ खाली बघतो. ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिमी, पोलादात या लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. म्हणजे तळाचा प्रतिध्वनी ५८ मायक्रोसेकंदांच्या आसपास यायलाच हवा. ७० अंशाचे दोन प्रोब, एक पुढं बघणारा आणि एक मागं, रुळाच्या डोक्यातले, लांबीला आडवे गेलेले तडे पकडतात. बोल्टच्या भोकातून फुटणाऱ्या तड्यांसाठी ३७ अंशाचा लावा.

७० अंशाच्या प्रोबला १५ मिमी खोलीवरचा तडा दिसतो तो ४१ मिमी पुढं, सुमारे २७ मायक्रोसेकंदांवर (इथं लहर आडवी, म्हणजे तिच्या दिशेला काटकोनात कंप पावणारी, वेग सेकंदाला ३२३० मीटर). नोंद तेवढी सरकवून खऱ्या जागी आणली नाही तर पुढचा आणि मागचा प्रोब एकच तडा ८२ मिमी अंतरावर दोनदा दाखवतात आणि मॉडेल त्याला दोन दोष समजतं. शिवाय उन्हात प्रोबखालची प्लास्टिकची पाचर तापली की तिच्यातला वेग घटतो आणि ७० अंशाचा कोन वाढतो. म्हणून कॅलिब्रेशन (मोजमाप जुळवणं) सावलीतल्या टेबलावर नको, त्याच उन्हात, तुकडा रुळाइतका तापू देऊन करा.

अंतर मोजणाऱ्या चाकाचंही तसंच. १०० मिमी व्यासाच्या चाकाचा व्यास झिजून १ मिमीनं घटला की किलोमीटरमागं १० मीटर चूक. दर किलोमीटरच्या खांबाला नोंद जुळवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पाणी. प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये पाण्याचा थर नसेल तर लहर आत शिरतच नाही. तापलेल्या रुळावर तो लगेच सुकतो. गंज, ग्रीस, खडीची धूळ यांनीही तुटतो. मग तळाचा प्रतिध्वनी गायब. पण तिरका तडा असला तरी तो असाच गायब होतो, कारण लहर बाजूला फेकली जाते! चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. अशा जागेला ‘दोष नाही’ हे लेबल कधीही देऊ नका. ‘तपासलं गेलं नाही’ असा वेगळा वर्ग ठेवा आणि ती जागा पुन्हा ओली करून तपासा. मॉडेल कितीही चांगलं निवडलं तरी प्रकल्प इथं फसू शकतो.

वर्ग पाच पुरेत: स्वच्छ, बोल्टचं भोक, वेल्ड, दोष, न तपासलेलं. चित्रात रुळाच्या दर २ मिमीला एक स्तंभ, ३०० मिमीची खिडकी (मॉडेलला एका वेळी दाखवायचा तुकडा), निम्मी एकमेकींवर सरकवत न्या. प्रत्येक प्रोबचा वेगळा चॅनेल ठेवा. लहानशा कन्व्होल्यूशनल नेटवर्कवर (चित्रातल्या खुणा ओळखायला शिकणारं मॉडेल) भागतं. नमुने वाढवायला चित्र आडवं उलटवत असाल तर पुढच्या आणि मागच्या प्रोबचे चॅनेलही अदलाबदल करा, नाहीतर प्रत्यक्षात कधीच न येणारी चित्रं शिकवाल.

चाचणीसाठी खिडक्या चिठ्ठ्या टाकून निवडू नका. शेजारच्या दोन खिडक्यांत एकच वेल्ड असतं, गुण खोटे फुगतात. अख्खे किलोमीटर बाजूला काढा. अचूकतेचा टक्काही बघू नका: दोष हजारात एखादा असेल तर सगळं ‘स्वच्छ’ म्हणणारं मॉडेलही ९९.९ टक्के बरोबर ठरतं. किती खरे दोष सुटले आणि किलोमीटरमागं किती खोट्या हाका आल्या, हे दोनच आकडे लिहा. खोटी हाक बहुधा थर्मिट वेल्डच्या (वितळलेलं पोलाद ओतून केलेल्या जोडाच्या) कॉलरवर, म्हणजे जोडाभोवतीच्या फुगीर कड्यावर येते. तिथली उदाहरणं मुद्दाम जास्त घाला.

मॉडेलनं दाखवलेली जागा प्रशिक्षित तपासनीसानं हातातल्या प्रोबनं दोन्ही बाजूंनी पडताळायची. त्याचा निकाल त्याच खिडकीच्या लेबलमध्ये परत भरा.