सी भाषेत लूप लावून अनेक टेक्स्ट फाइल्स वाचणे

एकाच धाटणीच्या अनेक टेक्स्ट फाइल्स वाचायच्या असतील, तर प्रत्येकीसाठी वेगळा फाइल पॉइंटर घेऊन तोच कोड पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. एक पॉइंटर आणि एक फॉर लूप पुरतो. पथ्य एवढेच, की लूपच्या ज्या फेरीत फाइल उघडली, त्याच फेरीत ती बंद झाली पाहिजे.

फाइल्सची नावे क्रमांकांनी बनलेली असतील, तर लूपच्या आधी ६४ कॅरेक्टरचा अ‍ॅरे घ्यावा आणि प्रत्येक फेरीत एसएनप्रिंटएफ वापरून त्यात नाव रचावे. फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे ०३डी लिहिले, की ७ हा क्रमांक ००७ असा उमटतो. एसप्रिंटएफ अ‍ॅरेची लांबी पाहत नाही, म्हणून सी९९, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणापासून प्रमाणित झालेले एसएनप्रिंटएफच वापरावे. नावे अनियमित असतील, तर ती कमांड लाइनवरून घ्यावीत आणि एआरजीव्हीवरचा, म्हणजे कमांड लाइनवरच्या शब्दांच्या अ‍ॅरेवरचा लूप १ पासून सुरू करावा, कारण शून्याव्या जागी सहसा प्रोग्रामचेच नाव असते.

फाइल एफओपनने वाचन मोडमध्ये उघडावी. ते नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत देत असेल, तर पीएररने कारण छापून कंटिन्यूने पुढच्या फेरीत जावे, म्हणजे एका हरवलेल्या फाइलसाठी बाकीच्या अडून राहत नाहीत.

खरी गफलत होते ती वाचताना. व्हाइलच्या अटीत एफईओएफने फाइल संपली का, हे तपासण्याची सवय बरीच पसरलेली आहे, पण वाचण्याचा प्रयत्न फाइलच्या शेवटाला जाऊन थडकल्यावरच ते खरे ठरते. त्यामुळे शेवटची ओळ अनेकदा दोनदा हाताळली जाते. त्याऐवजी ओळ वाचणाऱ्या एफगेट्सलाच अट करावे आणि ते नल देईपर्यंत वाचत राहावे. अ‍ॅरे २५६ चा असेल, तर एफगेट्स एका वेळी जास्तीत जास्त २५५ कॅरेक्टर उचलते. त्याहून लांब ओळ तुकड्यांनी येते, म्हणून ओळी मोजताना तुकड्याच्या शेवटी न्यूलाइन आहे का, हे पाहावे. फाइलच्या अखेरच्या ओळीला मात्र ती नसूही शकते. एका फाइलपुरता मोजणीचा व्हेरिएबल लूपच्या आत शून्य करावा, एकूण बेरजेचा बाहेर.

फाइल बंद करणारे एफक्लोज विसरल्याचे पाच फाइल्समध्ये कळतही नाही. लिनक्सवर एका प्रोसेससाठी उघड्या फाइल्सची मर्यादा बहुधा १०२४ असते आणि इनपुट, आउटपुट व एरर यांच्या ३ जागा आधीच गेलेल्या असतात. म्हणून १०२१ फाइल्स सुरळीत उघडतात आणि पुढच्या फेरीत ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा संदेश येतो. वाचन मध्येच थांबवून कंटिन्यू करणारी वाट असेल, तर तिच्यावरही एफक्लोज हवे. बंद करण्यापूर्वी एफएरर तपासावे, कारण एफगेट्सने दिलेले नल फाइल संपल्याचे आहे की वाचन बिघडल्याचे, हे तेव्हाच ठरवता येते.