चॉकी येण्याआधी तुतीच्या बागेची तयारी

चॉकी, म्हणजे तुतीचा पाला खाणाऱ्या रेशमाच्या लहान अळ्या, कोणत्या दिवशी घरी येणार, ती तारीख आधी कॅलेंडरवर लिहा आणि तिथून दिवस मागे मोजत या. तुतीची तयारी अशी उलटीच करावी लागते. इथे कीडही अळी आणि आपलं जितराबही अळीच, त्यामुळे एकीला मारणारं औषध दुसरीला सोडत नाही. छाटणीनंतर पाला तयार व्हायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. फवारणी करावीच लागली तर ती पहिल्या पंधरवड्यात उरकायची, त्यानंतर पंपाला हात लावायचा नाही. निंबोळी अर्क घरचा म्हणून निर्धास्त राहू नका, त्यानंही अळीची कात अडते.

छाटलेल्या फांद्या बांधावर ठेवू नका. पिठ्या ढेकूण तिथूनच परत बागेत चढतो. फुटवे फुटले की रोज सकाळी एक फेरी मारायची आणि शेंडे बघायचे. शेंडा चुरगळून गोळा झालाय, पानं जाड आणि नेहमीपेक्षा काळपट हिरवी दिसतायत, बुडाशी मुंगळ्यांची ये-जा चालू आहे, तर तो तुकरा, म्हणजे पिठ्या ढेकणानं होणारा रोग. पान उलगडलं की कापसासारख्या पांढऱ्या भुकटीखाली गुलाबी ढेकूण दिसतात. असा शेंडा जागेवरच पिशवीत कापून घ्या आणि जाळून टाका. घरापुढची जास्वंद, परसातली भेंडी, बांधावरची अंबाडी हेही या ढेकणाचे अड्डे, तिथेही बघा.

क्रिप्टोलिमस हे पिठ्या ढेकूण खाणारे मित्रभुंगेरे सोडणार असाल तर एक ओळख पक्की करा. त्यांची अळीही पांढऱ्या झुपक्यांनी झाकलेली असते, थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक एवढाच की ती चपळ असते. पहिल्या वर्षी मी अशा कितीतरी अळ्या ढेकूण समजून चिरडल्या, त्याचं अजून वाईट वाटतं.

पावसाळा सरता सरता पानं गुंडाळणारी अळी येते. शेंड्याची कोवळी पानं धाग्यानं चिकटवून ती आत बसते. ते शेंडे खुडायचे आणि दोन ओळींत कोळपणी करायची, म्हणजे मातीतले कोष उघडे पडून पक्षी टिपतात. ट्रायकोग्रामाची, म्हणजे किडीची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रमाशीची, कार्डं लावली तर फवारणी बंद म्हणजे बंद. उन्हाळ्यात फुलकिडे आणि पांढरी माशी दिसली तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूनं मारा, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगा. थंडीत पानामागे भुरी दिसली तर बाग दाटलीय असं समजा, हवा खेळू द्या.

एखादं झाड अचानक मान टाकतं, ओढलं तर सहज उपटून येतं आणि मुळाची साल हातात सुटते. ती मूळकूज. झाड मुळासकट काढून जाळा, खड्ड्यात शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, भरा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, तेव्हा चर आधीच काढून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, शेजाऱ्याकडे जाणं. आमच्या बीडकडे तुतीला लागून सोयाबीन नाही तर कापूस असतोच. एका पावसाळ्यात पलीकडच्या सोयाबीनवरची फवारणी वाऱ्यानं माझ्या दोन सरींवर आली. मला पत्ता नव्हता. संध्याकाळी पाला टाकला, सकाळी अळ्या माना हलवत हिरवं पाणी ओकत होत्या, अंग आखडलं होतं. अख्खी बॅच गेली. शेजाऱ्याचा दोष नव्हता, मीच त्याला तारीख सांगितली नव्हती. कापसावरच्या पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सिफेन मारतात, ते तर आणखी घातकी. अळी खात राहते, पण कोष बांधत नाही. म्हणून स्वतः जाऊन तारीख सांगा, कधी आणि काय मारणार ते विचारा, आणि त्या बाजूच्या चार ओळी कापायच्या नाहीत असं ठरवून टाका.

चॉकी येण्याच्या दोन दिवस आधी बागेच्या चारही कोपऱ्यांतून पाला तोडा. गावात कुणाची बॅच चालू असेल तर त्याच्याकडून पन्नासेक अळ्या मागून आणा, त्यांना तो पाला खाऊ घाला आणि रात्रभर बघा. सकाळी त्या खात असतील तर शेडची दारं उघडा.