जुने, हुकलेले ऑल्टरनेटिव्ह रॉक बँड शोधायचे कसे

पहिलं काम, "नव्वदच्या दशकातले १०० बेस्ट अल्बम" टाइपच्या याद्या बंद करा. याद्या वाईट नसतात, पण त्यात तीच ती नावं फिरत असतात, निर्वाना, पिक्सीज, रेडिओहेड, आणि ती तुम्हाला आधीच पाठ आहेत. आपल्याला हवेत ते बँड जे यांच्या शेजारी वाजत होते, काही तर यांच्याही आधी, आणि मधेच कुठेतरी नाव गळून पडलं. ते का गळलं हे एकदा कळलं ना की शोधायचं कुठे तेही कळायला लागतं, कारण बरेचदा गाण्यात काहीच खोट नसते, घोळ असतो पैशाचा, वितरणाचा नाहीतर लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा.

बिग स्टारचंच घ्या. मेम्फिसचा बँड, पहिला अल्बम १९७२ चा, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण स्टॅक्स या लेबलकडून वितरण इतकं गंडलं की ज्यांना विकत घ्यायचा होता त्यांनाही दुकानात मिळेना. बॉस्टनचे मिशन ऑफ बर्मा १९८३ मधे थांबले कारण गिटारवाल्या रॉजर मिलरच्या कानात सतत आवाज घुमायला लागला होता. स्लिंटचा 'स्पायडरलँड' १९९१ मधे आला तेव्हा बँड ऑलरेडी मोडलेला, मग टूर कोण करणार. आणि गॅलक्सी ५०० तर बघा, १९९१ मधे बँड फुटला आणि त्याच वर्षी त्यांचं लेबल रफ ट्रेड दिवाळखोरीत गेलं, ड्रमर डेमन क्रुकॉव्स्कीला स्वतःच्याच बँडच्या मास्टर टेप्स (मूळ रेकॉर्डिंग) लिलावात विकत घ्याव्या लागल्या!

तर आता असे बँड शोधायचे धागे. सगळ्यात सोपा धागा म्हणजे तुमच्या आवडत्या बँडने दुसऱ्या कुणाची गाणी वाजवलीत ते बघणं. निर्वानाने १९९३ च्या एमटीव्हीवरच्या अनप्लग्ड कार्यक्रमात मीट पपेट्सची तीन गाणी घेतली, तेही त्या बँडच्या दोन्ही कर्कवूड भावांना स्टेजवर बसवून, शिवाय व्हॅसलीन्सचं एक. पोर्टलंडच्या वायपर्सची दोन गाणी त्यांनी वेगळी रेकॉर्ड केली होती. आर.ई.एम.ने पायलॉनचं 'क्रेझी' केलं, दोघेही जॉर्जियातल्या अथेन्स या एकाच गावचे. आणि त्याच आर.ई.एम.चा पीटर बक १९८६ मधे फीलीज या बँडच्या 'द गुड अर्थ' अल्बमचा सहनिर्माता होता. म्हणजे एका बँडवरून दोन नवे बँड मिळाले आणि यात अल्गोरिदमचा काही संबंध नाही, कलाकाराने स्वतः दाखवलेली वाट आहे ही, म्हणून मला ती सगळ्यात भरवशाची वाटते.

दुसरा धागा लेबल. त्या काळात छोटं लेबल म्हणजे बरेचदा एकाच माणसाची आवड असायची, त्यामुळे एक बँड आवडला तर त्याच लेबलवरचे अजून दोनतीन आवडायची शक्यता चांगली असते. डिस्कॉग्जवर (अल्बमांची नोंद ठेवणारी वेबसाइट) लेबलचं पान उघडा, वर्षाप्रमाणे लावा आणि सुरुवातीची तीनचार वर्षं बघा, तिथेच माल असतो. न्यूझीलंडचं फ्लाइंग नन हे माझं लाडकं उदाहरण. १९८१ मधे क्राइस्टचर्चला सुरू झालं, पण द क्लीन, द चिल्स, व्हर्लेन्स हे बँड डनेडिनचे, जगाच्या पार टोकाचं गाव, आणि द क्लीनची सुरुवातीची ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) साध्या चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड झालेली, ऐकताना ते जाणवतं आणि त्यातच मजा आहे. हळवं, गिटारची किणकिण असलेलं आवडत असेल तर ब्रिस्टलचं सारा रेकॉर्ड्स, १९८७ ते १९९५. तिखट हवं असेल तर वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड किंवा शिकागोचं टच अँड गो.

तिसरा, ठराविक काळ पकडा. जॉय डिव्हिजन आवडत असेल तर १९८० ते ८३ चं इंग्लंड खणा, शेफील्डचे कॉमसॅट एंजल्स, लंडनचे द साउंड, मँचेस्टरजवळच्या मिडल्टनचे द कमेलियन्स. कमेलियन्सचा 'स्क्रिप्ट ऑफ द ब्रिज' (१९८३) कसा हुकला हे मला अजून झेपलेलं नाही. अमेरिकेत १९९१ नंतर मोठी लेबलं गिटार दिसेल त्याला साइन करत सुटली आणि काही वर्षांत त्यातल्या कितीतरी बँडना नारळ दिला, त्या ढिगाऱ्यात फेल्युअरचा 'फँटॅस्टिक प्लॅनेट' (१९९६) आहे. इंग्लंडातही तेच, क्रिएशन या लेबलने १९९५ मधे स्लोडाइव्हलाही सोडलं आणि स्वर्व्हड्रायव्हरलाही.

अजून एक, जॉन पील. बीबीसी रेडिओ १ वर हा माणूस १९६७ पासून २००४ पर्यंत होता आणि त्याच्या सेशनसाठी बँड स्टुडिओत येऊन साधारण एका दिवसात चारेक गाणी वाजवून जायचे. घाईत वाजवलेलं असल्यामुळे अल्बमवरचा चकचकीतपणा नसतो, काही बँड तर तिथेच जास्त चांगले वाटतात.

आता सर्च करताना होणारी कटकट. द साउंड, हम, फेल्युअर, राइड, लश, असली नावं टाकली की भलतंच येतं. बँडचं नाव सोडा, अल्बमचं नाव टाका. स्ट्रीमिंगवर एकाच नावाचे दोन बँड एकाच पानावर कोंबलेले असतात, त्यामुळे अल्बमचं साल बघून खात्री करा. नावं देशाप्रमाणे बदलतात हेही लक्षात ठेवा, कमेलियन्स अमेरिकेत 'कमेलियन्स यूके' होते आणि स्वेड तिथे 'द लंडन स्वेड'.

सापडल्यावर ऐकायचं कसं, इथे लोक माती खातात. कलाकाराच्या पानावरची टॉप पाच गाणी ऐकून निकाल देऊ नका, ती कधी कुठल्या तरी व्हिडिओमुळे वर आलेली असतात. एक अल्बम घ्या, शफल बंद, सलग, आणि दोनतीन दिवसांनी परत. 'स्पायडरलँड' पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी पुटपुटतंय आणि मधेच भडका उडतोय एवढंच वाटतं, मोबाइलच्या स्पीकरवर तर काहीच कळत नाही, हेडफोन लागतातच. रीइश्यू, म्हणजे जुना अल्बम नव्याने काढलेला, असेल तर मूळ अल्बम जिथे संपतो तिथे थांबा, पुढची कच्ची रेकॉर्डिंग (डेमो) फॅन झाल्यावर ऐका, नाहीतर चाळीस मिनिटांचा नेटका अल्बम उगाच दीड तासाचा होतो. रीमास्टर (आवाज नव्याने बसवलेला) कधीकधी नुसता जोरात केलेला असतो, जुनी आवृत्ती मिळाली तर दोन्ही लावून बघा. आणि तीन वेळा ऐकूनही काही हललं नाही तर बिनधास्त सोडा, विसरलेला प्रत्येक बँड काही हिरा नसतो, काही बरोबरच विसरले गेलेत.

आवडला तर मेंबर पुढे कुठे गेले ते बघा, गॅलक्सी ५०० मधून एकीकडे लूना निघाला आणि दुसरीकडे डेमन अँड नेओमी. पैसे द्यायचे असतील तर आधी बँडकँप (थेट बँडकडून संगीत विकत घेता येतं ती साइट) बघा, किंवा न्यूमेरो ग्रुपसारख्या लेबलांचे रीइश्यू, डस्टर आणि कोडीन त्यांनीच नीट परत आणले. पुन्हा एकत्र आल्यानंतरचे अल्बम मात्र शेवटी ठेवा, आधी जुनं ऐका. अपवाद दोन, स्लोडाइव्हचा २०१७ चा, जो २२ वर्षांनी आला, आणि हमचा २०२० चा 'इनलेट', तो तर मी म्हणेन पहिलाच लावा.