मेश वायफाय सतत तुटतंय? नवा नोड घेण्याआधी या चुका टाळा

आमच्या नात्यात कुणाकडेही वायफाय रुसलं की फोन मला येतो. गेल्या पावसाळ्यात नाशिकहून मावशीचा आला. दुमजली रो-हाऊस, तीन नोडचा मेश संच (घरभर एकच वायफाय पसरवणारे, एकमेकांशी जोडलेले डबे; त्यातला प्रत्येक डबा म्हणजे नोड), आणि वरच्या मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल दर दहा मिनिटांनी गोठतोय. तिसरा नोड ठेवलाय कुठे, असं विचारलं तर म्हणाली, "अगं, त्याच खोलीत. तिथंच तर रेंज येत नव्हती!"

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता पहिला प्रश्न हाच विचारते. नोड स्वतः नेट तयार करत नाही, आधीच्या नोडकडून घेऊन पुढे देतो. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? फोन त्याच्या शेजारीच असल्यामुळे फोनवर रेंज मात्र पूर्ण दिसते आणि माणूस फसतो. नोड ठेवायचा तो रेंज संपते तिथे नव्हे, त्याच्या अलीकडे, जिथे मुख्य नोडची रेंज अजून दणकट आहे तिथे. अँड्रॉइड फोनवर वायफाय मोजणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि त्या जागी उभं राहून मुख्य नोडचा आकडा बघा. उणे ६५ डीबीएमपर्यंत ठीक (डीबीएम हे रेंजचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली). उणे ७५ दिसत असेल तर जागा बदला. आरसीसी स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी यांच्या आड नोड ठेवू नका. जुन्या वाड्याची दगडी भिंत असेल, किंवा नव्या टॉवरमधल्या सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतील, तर सरळ लॅनची वायर ओढा. दोन नोड वायरने जोडले की अर्धी दुखणी तिथेच संपतात.

जागा बदलूनही तुटतंय? मग सगळे डबे बंद-चालू करण्याचा मोह आवरा. त्याने तासभर बरं वाटतं आणि पुरावा मात्र पुसला जातो. आधी तुटतंय कुठे ते शोधा. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत घरच्या गेटवेला, म्हणजे राउटरला (नेटवर्कच्या माहितीत त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) सतत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, लावून ठेवा. कॉल अडकला त्या क्षणी दोन्ही थांबले तर दोष घरात आहे. गेटवे उत्तर देतोय पण बाहेरचा थांबला, तर मेशला दोष देऊ नका. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतोय का, कपाटामागे फायबरची बारीक वायर चेपली किंवा मुडपली आहे का, डब्यापासून मुख्य नोडपर्यंतची लॅनची वायर सैल आहे का, ते बघा. दोष घरातच असेल तर हीच चाचणी मुख्य नोडशेजारी बसून करा. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर गडबड दोन नोडमधल्या दुव्यात आहे.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे एका घरात दोन राउटर. फायबरवाला जो डबा बसवून जातो तो स्वतःच राउटर असतो, त्याला स्वतःचं वायफाय असतं. त्यात आपण मेशलाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देतो, म्हणजे सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जावेत. मग हॉलमध्ये फोन मेश सोडून त्या जुन्या डब्याला जाऊन चिकटतो, पत्ता बदलतो आणि कॉल कटतो. त्या डब्याचं वायफाय बंद करा आणि मेश 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे ते राउटरचं काम सोडून फक्त वायफाय देईल. डबा ब्रिज मोडवर टाकून राउटरचं काम मेशकडे द्यायचा दुसरा मार्गही आहे, पण त्यावरून लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर ते बंद पडू शकतं. म्हणून ते फायबरवाल्याला विचारूनच करा, आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड आधी हातात घ्या.

चालता चालता कॉल तुटत असेल तर एक लक्षात घ्या: कुठला नोड धरायचा हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतं. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावरच दुसरा नोड शोधायला लागतो. त्यामुळे नोड फार जवळजवळ ठेवले तर फोन जुन्यालाच धरून बसतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटला तीन नोड म्हणजे माझ्या मते पैसे देऊन विकत घेतलेली डोकेदुखी. फक्त जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लगच वायफायवरून गळत असेल तर 'फास्ट रोमिंग' (नोड झटपट बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) बंद करून बघा.

अख्ख्या घराचं ५ गिगाहर्ट्झ (वायफायचा वेगवान पट्टा) अधूनमधून गायब होऊन मिनिटाभराने परत येतं? चॅनल तपासा. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारचा पहिला हक्क असतो. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि त्याच पट्ट्यातला नवा चॅनल घ्यायचा तर आधी किमान मिनिटभर कान देऊन बसावं लागतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड (५ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालणारं) रडार आहे, विमानतळही आहे. तिथल्यांनी हे आधी बघावं. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ निवडा.

आणि वीज. मुख्य नोड इन्व्हर्टरवर आणि बाकीचे साध्या प्लगवर असतील, तर लाइट नुसती लुकलुकली तरी ते नोड पुन्हा सुरू होऊन जोडले जाईपर्यंत काही मिनिटं जातात. छोटा डीसी यूपीएस घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

मावशीचा नोड आता जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आहे आणि कॉल नीट चालतात. तिथे तो उघडाबोडका दिसतो म्हणून तिने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. कापडाने रेंज अडत नाही, पण डबा तापतो. ते सांगायला परवा पुन्हा फोन करावा लागला.